अडीच इंच

अडीच इंचापेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, असा माझा नियम आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात श्रीखंडाचे सात रिकामे डबे आहेत. त्यांतल्या सहांमध्ये हा नियम कडक पाळलेला आहे. सातव्यात दीड-दोन इंचांची चिटुरकी आहेत. त्या डब्याबद्दल मी घरात कुणाशी बोलत नाही.

मुलगी म्हणते, "आई, हा आजार आहे." जावई सभ्य माणूस. ते काही म्हणत नाहीत; एखादा डबा उघडतात, आत श्रीखंड नाही हे बघतात आणि झाकण जसंच्या तसं लावून ठेवतात.

या तुकड्यांच्या मी चेनच्या पिशव्या शिवते. हल्ली त्यांना पाऊच म्हणतात आणि मीही तेच म्हणते, कारण पिशवी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मेथीची जुडी येते. आठ इंच रुंद, सहा इंच उंच, वर चेन, आत अस्तर आणि बाहेरून एकजात ठिगळं. ठिगळ हा शब्द मी मुद्दाम वापरते. पॅचवर्क म्हटलं की प्रदर्शनात स्टॉल मिळतो, ठिगळ म्हटलं की गरिबी दिसते. वस्तू तीच.

माझ्या आजीनं उभ्या जन्मात हौसेनं तुकड्याला तुकडा जोडला नसेल. ती तासगावकडच्या खेड्यातली. नऊवारी लुगडं मधे विरलं की ती ते तिथंच फाडायची, विरलेला भाग काढून टाकायची आणि उरलेली दोन धड टोकं एकमेकांना शिवायची. याला म्हणायचे दंड घालणं. दंड घातलेलं लुगडं घरात आणि रानात नेसायचं, लग्नाकार्यात नाही. तेही विरलं की त्याची वाकळ, म्हणजे गोधडी. वाकळ फाटली की तिचं पोतेरं. पोतेऱ्याच्या पुढं काय, हे विचारायची वेळ येत नसे, तोवर कापड उरतच नसे.

आई लग्न होऊन सांगलीत आली आणि या साखळीत बोहारीण शिरली. दारात टोपलं उतरवून ती जुनी साडी उजेडाकडे धरायची, दोन बोटांत ताणून बघायची आणि "वैनी, इरलीय ही" म्हणून बाजूला टाकायची. आई म्हणायची, अगं दोनदाच नेसलीय. मग एक तास घासाघीस, आणि शेवटी ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर आणखी एक शर्ट वर जायचा. तुकडे मात्र ती घेत नसे. ब्लाउज बेतताना उरलेला कोपरा, परकराची कातरलेली पट्टी, फ्रॉकच्या बाहीचं उरलेलं कापड, यातलं काही टोपल्यात पडत नसे. म्हणून ते घरात राहिलं. आमच्या घरी तुकड्यांचा साठा कसा झाला याचं खरं कारण हेच आहे, प्रेमबिम काही नाही.

आजीबद्दल वर लिहिलं ते थोडं मागं घेते. तिची चंची हौसेची होती. हल्लीच्या मुलांनी चंची बघितलेली नसते, म्हणून सांगते. हातभर लांब कापडी पट्टी, तिच्यावर एकावर एक शिवलेले खिसे. एकात पानं, एकात सुपारीची खांडं, एकात कात, एकात तंबाखू, आणि चुन्याची डबी सगळ्यात शेवटच्या खिशात, कारण तिचं झाकण ढिलं. गुंडाळायची, दोरीचे दोन वेढे द्यायचे, टोक आत खोचायचं. आजीची चंची चोळ्यांच्या खणांतून उरलेल्या तुकड्यांची होती. ते खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डच्या मागांवरचे असायचे, हे मला फार पुढं कळलं. आजीच्या लेखी खण तो खण. हिरव्यावर लाल काठ, त्याशेजारी जांभळ्यावर पिवळा, मग पुन्हा हिरवा. तिनं ते रंग तसे लावायला कुणी सांगितलं नव्हतं. गप्पा मारता मारता, न बघता, एका हातानं ती चंची सोडायची आणि बोट बरोबर कातावर जायचं.

माझ्या पाऊचमध्ये हे जमत नाही. त्यात सगळं एकत्र पडतं आणि हवं ते तळाशी जातं.

आता अडीच इंचांचं. आईचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीजवळच्या जुन्या वस्तीत. २००५ च्या पुरात आमच्या पलंगाच्या खुरांना पाणी लागलं होतं. भिंतीवर त्या पाण्याची रेघ होती आणि वडिलांनी रंग देतानाही ती मुद्दाम ठेवली होती, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आईनं रेघ बघितली आणि शेजारच्या पोरांकडून साड्यांची ट्रंक उचलून पलंगावर ठेवून घेतली. हिशेब बरोबर होता. फक्त तो मागच्या पुराचा होता.

सांगलीत पावसाळ्यात शेंबडं पोरही विचारतं, "आयर्विनला किती?" आयर्विन पूल १९२९ चा. कृष्णेचं पाणी तिथं मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कापड पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडं होड्या. आईला होडीतूनच काढलं. तिनं बरोबर घेतलं ते एवढंच: गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी, पासबुकं आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. ट्रंक कोण घेणार?

पाणी उतरून आम्ही घर उघडलं तेव्हा वासानं दारातच थांबलो. ट्रंकेचा कडीकोयंडा गंजून बसला होता, तो पकडीनं तोडला. आत साड्या जशा रचल्या होत्या तशाच होत्या, नुसत्या जड झालेल्या. पहिली उचलली तर बादलीभर पाणी निथळलं, चहासारखं. मग ती उलगडायला लागले. साडी घडीत असताना गाळ एका कोपऱ्यातून शिरलेला. घडी मोडली तर तोच डाग आरशातल्यासारखा उलटा पलीकडं; आणखी एक घडी मोडली तर चार; आणखी एक, तर आठ. अख्खी साडी पसरली तेव्हा तो डाग ठराविक अंतरानं पाच वारभर छापल्यासारखा दिसत होता. इतका नेमका, की क्षणभर वाटलं, हे डिझाइनच आहे. इरकलीच्या लाल पदरानं शेजारच्या मोतिया साडीत रंग सोडला होता. ही मोतिया साडी, बारीक सोनेरी काठाची, आईनं माझ्या साखरपुड्याला नेसली होती हे मला चांगलं आठवत होतं. तिला फॉल नव्हता. पाण्यात निघाला असेल म्हटलं.

टँकरच्या पाण्यात पाच-पाच वेळा धुतलं. गाळ गेला, डाग राहिला. कृष्णेचा गाळ शेताला सोनं, कापडाला नाही. आई आमच्या विश्रामबागेतल्या घरी आली होती, ती खुर्चीतून म्हणाली, "टाकून दे. मेल्या साड्या त्या." पण टाकायच्या तरी कुठं? गल्लीत गाद्या, वह्या, धान्य, फ्रिज यांचे डोंगर लागले होते, त्यांवर आणखी एक गाठोडं टाकायला हात होईना.

म्हणून कात्री घेऊन बसले. डाग आणि डाग यांच्या मधे जेवढं नितळ कापड होतं तेवढं कापून काढलं. कुठं चार इंच मिळालं, कुठं तीन, बहुतेक ठिकाणी अडीच. अडीचच्या खाली चौकोन नीट निघेना. तर माझं माप असं आलं. पुढं कळलं, की परदेशात पॅचवर्कसाठी अडीच इंची पट्ट्या कापलेल्या कापडाची गुंडाळीच विकत मिळते. नवं कोरं कापड, खास तुकडे करून. मला ते पचायला दोन दिवस लागले.

आईचं पायडलचं मशीनही पाण्यात होतं. लाकडी फळीचे पापुद्रे सुटलेले, चाक घट्ट. दुरुस्तीवाल्यानं डोकं सुटं करून रॉकेलमध्ये घासलं, बॉबिन केस आणि वादी नवी घातली, फळी बदलली. ते आता चालतं, पण टाका किंचित लांब पडतो आणि पावसाळ्यात कुरकुरतं. त्याचं त्याला माहीत.

शिवायला बसल्यावर कळलं, की या कामात शिवण कमी आणि पाढे जास्त. एका बाजूला बारा चौकोन: आडवे चार, उभे तीन. अडीच इंचाचा चौकोन शिवून झाला की दोन इंचांचा उरतो, कारण चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जातो. बे चोक आठ, दोन्ही टोकांचा पाव पाव धरून साडेआठ. इथवर सोपं. पण टीप पाव इंचावरून अर्धा सूत जरी आत सरकली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-गवंडी अजून याच मापात बोलतात), तर प्रत्येक जोडाला दोन्हीकडून मिळून एक सूत जातं. तीन जोडांना तीन सूत. साडेआठची पट्टी आठ इंच एक सुताची होते. अस्तर मात्र तुम्ही साडेआठचं कापलेलं असतं, ते आत चोळामोळा होऊन बसतं आणि पाऊच बाहेरून सुखी, आतून कुढत असल्यासारखा दिसतो. मी मशीनच्या पट्टीवर पाव इंचावर चिकटपट्टी लावली आहे. तिच्या कडेनं कापड सरकवायचं, सुईकडे बघायचंच नाही. नवशिक्या बाया सुईकडे बघतात.

कापड आधी धुऊन घ्यायचं, म्हणजे आटणं-रंग जाणं जे व्हायचं ते शिवायच्या आधी होतं. माझ्या तुकड्यांचं ते काम आधीच झालं होतं.

चेन आणायला हरभट रोडला गेले. शिवणसामानाचं दुकान, काउंटरवर सत्तरीचे गृहस्थ.

"चेन द्या."

"कितीची? तीनची का पाचची?"

"आठ इंच."

"लांबी नव्हे ओ ताई, नंबर. तीन, का पाच?"

मला नंबर असतो हेच माहीत नव्हतं. नंबर म्हणजे चेन बंद असताना तिच्या दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. परकराच्या कडेला, ड्रेसच्या पाठीला तीनची. पिशवी, पाऊचला पाचची. त्यांनी मला रोलमधली पाच मीटर नायलॉनची दिली आणि रनर, म्हणजे चेनवर सरकणारे तुकडे, वेगळे, मूठभर, पुडीत बांधून. नायलॉनच्या चेनला खरं तर दात नसतातच. दोन्ही पट्ट्यांवर एकेक सलग तार स्प्रिंगसारखी वळवून शिवलेली असते. म्हणून ती कात्रीनं हवी तिथं कापता येते आणि तिच्यावरून टीपही मारता येते. पितळी चेनवरून मारून बघा, सुई मोडून कपाळाला येते.

घरी येऊन रनर ओवायला बसले. चेनची दोन टोकं रनरच्या दोन नाकपुड्यांत एकाच वेळी, सारखी शिरायला हवीत. एक बाजू एका दातानं पुढं गेली तरी चेन बंद होते, पण मधे पोट निघतं. पहिल्या दिवशी अकरा वेळा पोट निघालं. शेवटी नातवानं युक्ती काढली: काट्याचमच्यातला काटा पुस्तकांच्या थप्पीत दाबून उभा करायचा, रनर त्याच्या दात्यांत अडकवायचा आणि दोन्ही हातांनी चेनची टोकं खाली ओढायची. सर्र. तो आठ वर्षांचा आहे. त्याच्याकडे युक्ती आहे, माझ्याकडे पाढे आहेत, असं आमचं दुकान चालतं.

चंचीच्या दोरीपासून या रनरपर्यंत यायला तशी फार वर्षं लागलेली नाहीत. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसननं बुटांसाठी हुकांची सरकती पट्टी काढली ती १८९३ मध्ये, आणि ती चालता चालता सुटायची. गिडिऑन सुंडबॅकनं दात एकमेकांत अडकणारी चेन बसवली १९१३ मध्ये. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रबरी बूट करणाऱ्या एका कंपनीनं तिला झिपर हे नाव दिलं, सरकताना होणाऱ्या आवाजावरून. आपण आवाज सोडला आणि रूप धरलं: चेन.

पहिला पाऊच. बाहेरची बाजू, चेन, अस्तर, असं सँडविच लावून दोन्हीकडे टिपा मारल्या. ठिगळं ठिगळांवर, अस्तर अस्तरावर ठेवून चहूबाजूंनी शिवलं. उलटवण्यासाठी अस्तराच्या तळाला चार बोटं जागा ठेवली. तिच्यातून हात घातला आणि हात चेनपाशी अडला. शिवण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची असते. मी ती नेटकेपणानं पूर्ण बंद केली होती. रनर आतल्या बाजूला, माझी बोटं बाहेर, मधे दोन थर कापड. आई खुर्चीतून बघत होती. "स्वतःला आत कोंडून कुलूप लावलंस की गं," म्हणाली. एक बाजू उसवावी लागली. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो असं म्हणतात. मी तीनदा केली आहे.

चेनच्या टोकांना हल्ली मी कापडाची छोटी टोपी घालते, म्हणजे कोपऱ्यात चेन दुमडून गाठ होत नाही. बाकी तंत्र सगळीकडं शिकायला मिळतं, ते इथं नको.

अस्तराचं मात्र सांगायलाच हवं. माझ्याकडे अस्तराला कधी तोटा पडत नाही, कारण ओटीचे ब्लाउजपीस. ज्या घरात बाई आहे त्या घरात हा गठ्ठा आहे. ऐंशी सेंटिमीटरचं ते कापड पारदर्शक कागदात गुंडाळलेलं येतं, कपाटात विसावतं आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी जातं. ते कुणी शिवत नाही. ब्लाउज शिवायचा असला की आपण मॅचिंग सेंटरला जाऊन टू बाय टू रुबिया आणतो, कारण ओटीतला रंग जगातल्या कुठल्याच साडीला जुळत नाही. एकदा मी दिलेला पोपटी पीस तीन वर्षांनी तीन घरं फिरून माझ्याच ओटीत आला; कोपऱ्यात मी घातलेली निळ्या पेनची खूण होती. त्याला मी त्याच दिवशी कापला. पोपटी अस्तराचे चार पाऊच झाले. ओटीतली वस्तू कापली म्हणून नणंदबाई जरा नाराज झाल्या. मी म्हटलं, सुटला बिचारा.

प्रदर्शनात स्टॉल लाव, असं मैत्रिणी सांगतात. एकदा लावला. एका पाऊचला माझा पाऊण दिवस जातो. चेन, रनर, दोरा मिळून खर्च पंधरा रुपयांच्या आत. मग किंमत कशाची सांगायची? दोनशे म्हटलं तर बायका म्हणतात, तुकड्यांचाच तर आहे. शेजारच्या स्टॉलवर दीडशेचे पाऊच हातोहात जात होते. हातात घेऊन बघितला. एकही जोड नव्हता. ठिगळं छापलेली होती. सलग कापडावर चौकोन, आणि चौकोनांच्या कडेला छापलेले धावदोऱ्याचे टाकेसुद्धा. मी त्या टाक्यावरून नख फिरवलं, गुळगुळीत. दंड घालताना आजीची बोटं सुईनं चाळणी व्हायची आणि जोड दिसू नये म्हणून ती जीव टाकायची. आता जोड नसताना तो दिसावा म्हणून छापखाना राबतो. राग आला म्हणू का? आला. पण कापड छान होतं, तेही खरं.

त्यानंतर मी विकत नाही. देते. पुरातल्या साड्यांचे एव्हाना तीसेक पाऊच झाले असतील. बहिणी, चुलतबहिणी, आत्या, मैत्रिणी. देताना प्रत्येकीला सांगायचे, हा चौकोन आईच्या इरकलीचा, ही माझ्या साखरपुड्यातली मोतिया, हा अमक्या पाडव्याचा खण. ऐकताना एकदोघींचे डोळेही भरून आले.

आईला पाऊच नको होता. तिचं प्लॅस्टिकच्या पिशवीवर प्रेम. पण गेल्या महिन्यात ती पिशवी फाटून रक्तदाबाच्या गोळ्या पलंगाखाली घरंगळल्या, तेव्हा तिनं स्वतःहून मागितला. संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली आहेत, रनरचं पातं चिमटीत येत नाही. म्हणून त्याला रेशमाचा चांगला जाड गोंडा लावला, मुठीत धरून ओढता येईल असा. तिनं दोनदा उघडून, दोनदा लावून बघितलं. बरा आहे म्हणाली. मग चष्मा लावून ठिगळं बघायला लागली.

"ही माझी इरकल."

"हो."

"हा खण तुझ्या आजीचा. आणि हे काय, पांढरं?"

"पांढरं नव्हे, मोतिया. माझ्या साखरपुड्याला नेसली होतीस ती."

आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साखरपुड्याला मी हिरवी नेसले होते. फोटो बघ. ही मोतिया आत्याबाईंची. नवी कोरी होती. फॉल-पिकोला म्हणून माझ्याकडं ठेवून गेल्या होत्या, पुराच्या आधी पंधरा दिवस."

मी गप्प.

"अजून हळहळतात त्या. वाहून गेली म्हणून."

"आई, त्यांना मी दिवाळीत पाऊच दिलाय. चष्म्यासाठी."

"यातलाच?"

"निम्मा मोतियाच आहे. साखरपुड्याचं सगळं सांगून दिला."

आईनं गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून आत घातल्या, सकाळच्या या बाजूला, रात्रीच्या त्या बाजूला. गोंडा मुठीत धरून चेन ओढली. मग म्हणाली, "आणखी आहे का ते कापड?"

"सातव्या डब्यात आहेत थोडे. दीड-दीड इंचाचे."

"मग त्यांना आणखी एक दे," आई म्हणाली. "जरा मोठा."